काच बदलून देता का?

"लांब किती मारती?"

नारायणगावच्या बाजारपेठेत बॅटरी घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. किंमत नंतर, सेल त्याच्याही नंतर. आमच्या दादानेही हाच विचारला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वय अठ्ठावन्न, साडेचार एकर ऊस, दोन एकर टोमॅटो. दुकानदार तोंडाने काही बोलला नाही. हातातली बॅटरी घेऊन पायरीवर आला आणि तिचं तोंड पुढे ओढलं. संध्याकाळच्या अर्धवट काळोखात दूरच्या मोबाइल टॉवरच्या कमरेवर एक पांढरा चौकोन जाऊन बसला.

"किलोमीटर मारती," तो म्हणाला. खोक्यावर लुमेनचा आकडा छापला होता, शून्यं पाच.

दादाने मान डोलावली आणि पिशवीतून स्वतःची जुनी बॅटरी काढली. फूटभराहून थोडी लांब, काळी, ॲल्युमिनियमची, तीन मोठे सेल लागणारी. जावईबापूंनी २०१२ साली कॅलिफोर्नियातून आणलेली मॅगलाइट. सेलांसकट वजन पाऊण किलोच्या वर, त्यामुळे आमच्याकडे ती प्रसंगी खुंटी ठोकायलाही वापरली जाते. तिची पुढची काच मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी दिसत होती. दोष बॅटरीचा नाही. दादा ती दर पोळ्याला चुलीच्या राखेने घासतो.

"आणि हिची काच बदलून देता का?"

दुकानदार हसला. "काच कुठली मिळतीय काका आता? नवीनच घ्या."

दादाने माझ्याकडे पाहिलं. घरात मला बॅटरीवाला म्हणतात. माझ्याकडे अकरा बॅटऱ्या आहेत. बायकोच्या मते बारा. मी साडेसहाशे रुपये मोजून ती टॉवरवाली बॅटरी माझ्यासाठी घेतली आणि दादाला म्हटलं, "तू आज काही घेऊ नकोस. दोन्ही पारखून सांगतो."

*

श्रावण संपत आला होता आणि पावसाने ओढ दिली होती. त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीची होती. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याचं वेळापत्रक अजूनही बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि काही फीडर तिच्यावर गेलेही. आमच्या शिवाराची पाळी अजून यायची आहे. तोवर रात्री मोटार चालू झाली की उसात दारं धरायला जावं लागतं.

ज्यांनी कधी दारं धरली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाटाने पाणी येतं. एका सरीचं तोंड खोऱ्याने फोडायचं, ती भरत आली की माती ओढून बंद करायची आणि पुढची फोडायची. खोरं धरायला दोन्ही हात लागतात. मग बॅटरी कुठे? दादा ती काखेत धरतो. काखेतल्या बॅटरीचा झोत पाण्यावर पडायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या आंब्यावर पडतो. कधी दातात धरतो, पण पाऊण किलो किती वेळ धरणार? शेवटी ती बांधावर उभी करून चांदण्यात काम करायचं. अवसेच्या आसपास तेही नाही.

आणि उसात बघायचं काय असतं? दोन गोष्टी. एक पायाशी, एक लांब.

पायाशी पाचट असतं आणि पाचटात घोणस असू शकते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांतली घोणस हीच उसाची खरी भीती. तिचा रंग वाळक्या पानाचा, त्यावर साखळीसारखे गडद लांबट ठिपके, आणि पळून जाण्यापेक्षा जागेवर वेटोळं घालून फुस्कारणं हा तिचा स्वभाव. ती दिसली तर दीड-दोन मीटरवरच दिसायला हवी. तीनशे मीटरवरच्या टॉवरचा तिथे काही उपयोग नाही.

लांबचं म्हणजे बिबट्या. आमच्याकडे त्याला सरसकट वाघच म्हणतात. जुन्नर परिसरात बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मल्या आणि वाढल्या. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे जंगल म्हणावं असं फारसं नाही, निव्वळ शेतं आणि वस्त्या आहेत, तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे असल्याचं त्यात निघालं. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी घ्या, मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा, असं वन खातं सांगतं. दादा कीर्तन लावतो.

तेव्हा 'लांब किती मारती' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पण तो अर्धाच आहे.

*

या वस्तूला आपण बॅटरी म्हणतो हीच मुळात गंमत आहे. आत जे घालतात ती बॅटरी, त्याला आपण सेल म्हणतो. आणि ज्यात घालतात त्याला बॅटरी. विजेरी हा गोड शब्द कुणीतरी घडवला, तो पाठ्यपुस्तकात राहिला. चोरबत्ती हा मात्र लोकांचा शब्द. माझी आजी तोच वापरायची.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल याला जानेवारी १८९९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. कागदी नळी, आत सेल, पुढे दिवा आणि परावर्तक. तेव्हाचे सेल इतके अशक्त की दिवा सलग पेटत ठेवता येत नसे. क्षणभर लावायचा, विझवायचा. 'फ्लॅशलाइट' हे नाव तिथून आलं. पुढे हाच धंदा एव्हरेडी या नावाने जगभर पसरला. आपल्याकडे एव्हरेडीचे सेल बनवायची ती युनियन कार्बाइड, भोपाळची. लहानपणी निकलचा मुलामा दिलेल्या पितळी बॅटरीत सेल घालताना आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि डिसेंबर १९८४ नंतरही सेल बदलावेच लागत. थकलेले सेल आजी वाळवणाच्या खाटेवर उन्हात ठेवायची. संध्याकाळी ते तासभर जगायचे. दिवा उडाला तर बुडाच्या झाकणात स्प्रिंगेमागे एक जादा दिवा ठेवलेला असे. तो बल्ब जेमतेम सव्वा वॉटचा, उजेड दहा-पंधरा लुमेनचा, तोही पिवळट. त्यात आमच्या दोन पिढ्यांनी वासरं सोडवली, विंचू मारले आणि पाहुणे रस्त्याला लावले.

मॅगलाइट हे त्यापुढचं प्रकरण. तिचा कर्ता अँथनी मॅगलिका १९३० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला, वाढला मात्र क्रोएशियाच्या झ्लारिन बेटावर, आणि १९५० साली अमेरिकेत परतला. यंत्रावर धातू कातणारा हा माणूस. १९७९ मध्ये त्याने ॲल्युमिनियमची, पाण्याला न जुमानणारी, डोकं फिरवून फोकस कमीजास्त करता येणारी बॅटरी काढली. अमेरिकेतल्या पोलिसांनी ती कमरेला लटकवली; दिव्यासाठी आणि दांडक्यासाठीही. जावईबापूंनी आणली ती एलईडी लावलेली नंतरची पिढी. एलईडीतून पांढरा उजेड मिळतो तो निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन, आणि तो निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. नोबेल पारितोषिक हातात घेऊन आपण पाचट चाळतो, हे मला अजून पचत नाही.

*

आता काचेकडे येतो.

मुळात ती काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे. मॅगलिकाने ते मुद्दाम घातलं असणार, कारण पोलिसाच्या हातून पडली तरी ते फुटत नाही. पण त्यावर ओरखडे झटकन पडतात आणि राखेपुढे तर ते शरणच जातं. स्वस्त बॅटऱ्यांत ॲक्रिलिक असतं. ते नवं असताना चांगलं पारदर्शक, शंभरातला ब्याण्णव भाग उजेड सोडणारं. आणि त्यावरचे बारीक ओरखडे टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने चोळले तर बरेचसे जातात. पॉलिकार्बोनेटवर ही युक्ती फारशी चालत नाही, आणि थिनर तर लावूच नये. त्याने जाळीसारख्या चिरा पडतात. खरी काच दोन्ही पृष्ठांवर मिळून आठेक टक्के उजेड परतवते. चष्म्याच्या भिंगाला असतो तसा जांभळट झाक मारणारा लेप दिलेली काच घेतली तर हे नुकसान एक-दोन टक्क्यांवर येतं.

म्हणजे भारी काच लावली की बॅटरी लांब मारणार? इथे हिशेब आडवा येतो.

अमेरिकेत २००९ साली या बॅटऱ्यांसाठी एक मानक ठरलं, आणि आज चांगल्या कंपन्या खोक्यावर त्याप्रमाणेच आकडे छापतात. झोत जिथे पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तितकं त्याचं अंतर. झोताची तीव्रता मोजतात कॅन्डेलात. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात. दहा हजार कॅन्डेला म्हणजे दोनशे मीटर. अंतर दुप्पट हवं तर तीव्रता चौपट लागते. मग आठ टक्के उजेड वाचवून अंतर वाढणार ते चार टक्के. दोनशेचे दोनशे आठ. आणि त्या अंतरावर उरलं काय तर चांदणं. नीट दिसावं असं वाटत असेल तर छापलेल्या आकड्याचं अर्धं करावं.

लांब मारायचं खरं गुपित काचेत नाही, डोक्याच्या आकारात आहे. दूरवर उभं राहून पेटलेल्या बॅटरीकडे पाहिलं तर तिचा अख्खा परावर्तक एलईडीइतकाच लखलखताना दिसतो. हे लखलखणारं ताट जितकं मोठं आणि एलईडीच्या पृष्ठावर जितकं तेज दाटलेलं, तितका झोत तीव्र. ताटाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्र चौपट आणि अंतर दुप्पट. म्हणून खिशात मावणारी बॅटरी हजार लुमेनची असली तरी लांब मारत नाही, आणि मोठ्या डोक्याची जुनी बॅटरी थोड्या लुमेनमध्येही पलीकडचा बांध दाखवते. पूर्ण आकाराची बॅटरी घेताना आपण पैसे मोजतो ते त्या ताटाचे. लुमेनचा पाच शून्यांचा आकडा वाचून घेणारा माणूस तांदळाची गोणी बघून भात किती शिजला ते सांगू पाहतो.

*

तरीही मी काच बदलली. कारण ओरखड्यांचं दुखणं टक्क्यांत मावत नाही. ओरखडा उजेड गिळत नाही, तो त्याला भलतीकडे उडवतो. झोताभोवती धुकट वलय उठतं आणि त्यात काळं-पांढरं एक होऊन जातं.

अस्सल सुटा भाग मागवला असता तर काचेपेक्षा टपालच महाग पडलं असतं. मी नारायणगावातल्याच फोटोफ्रेमवाल्याकडे गेलो. फ्रेमची काच दोन मिलिमीटर जाडीची असते आणि आम्हाला तेवढीच हवी होती. व्यास बावन्न मिलिमीटर. त्याने परकाराला हिऱ्याची कलम बांधली, गोल फिरवली, बाहेरून चार सरळ रेघा ओढल्या आणि पकडीने कोपरे असे मोडले जसे आपण खाकरा मोडतो. चाळीस रुपये. घरी येऊन चकती बसवली, डोकं आवळलं आणि कट्‌ असा आवाज झाला. किनार दातेरी राहिली होती. आवळताना सगळा भार एका दातावर आला. दुसरी चकती पाण्यात बुडवून चारशे नंबरच्या पॉलिश पेपरवर अर्धा तास कडेकडेने फिरवली, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. खाली रबरी कडं बसवलं. ती बसली.

मग ओसरीवर पाच मीटरवर मोबाइल ठेवून लक्स मोजले. मोबाइलचा आकडा पक्का नसतो, पण एकाच मोबाइलवर तुलना करायला चालतो. राखेने घासलेल्या पॉलिकार्बोनेटमागून ३००. पुढे काहीच न लावता ३७५. फ्रेमच्या काचेतून ३४०. पाचाच्या वर्गाने गुणलं की कॅन्डेला, आणि त्यातून मीटर काढले तर १७३ चे झाले १८४. अकरा मीटर. दादाला आकडा सांगितला तर तो म्हणाला, "एवढ्यासाठी दोन दिवस घासत बसलास?" पण रात्री बांधावर उभा राहिल्यावर गप्प झाला. वलय गेलं होतं. करंजाची पानं सुटी सुटी दिसत होती.

टॉवरवाल्या बॅटरीने त्याच ओसरीवर ६०० लक्स दिले. म्हणजे पंधरा हजार कॅन्डेला, सुमारे २४५ मीटर. मॅगलाइटपेक्षा सरस, यात वाद नाही. पण किलोमीटरला अडीच लाख लागतात. तिच्यात परावर्तक नसून समोर एक फुगीर भिंग असतं. तोंड पुढे ओढलं की भिंग एलईडीचीच प्रतिमा समोर फेकतं. भिंतीवर जो चौकोन पडतो तो एलईडीचाच फोटो; नीट पाहिलं तर त्यात केसासारख्या दोन काळ्या तारासुद्धा दिसतात. बाजूला जाणारा उजेड भिंगाबाहेर पडून नळीतच वाया जातो. अशी बॅटरी पाचटावर धरली की बसायच्या पाटाएवढा लखलखीत चौकोन दिसतो आणि त्याच्या वीतभर पलीकडे काळोख. डोळे त्या चौकोनाला सरावलेले असल्यामुळे बाजूचा काळोख आणखीच गडद वाटतो. घोणस चौकोनात बसेल असा करार कुणी केलाय?

मॅगलाइटलाही असं भिंग लावता येतं, हौशी लोक लावतात. मीही लावून पाहिलं. स्टेशनरीच्या दुकानातल्या वाचायच्या भिंगाने काम झालं नाही, कारण त्यासाठी एलईडी वीतभर मागे ठेवावा लागतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत जाडजूड, एका बाजूला सपाट असं भिंग मिळालं. परावर्तक काढून ते बसवलं आणि शेजारच्या डोंगराच्या कड्यावर चौकोनी चंद्र उगवला. गावातली पोरं खूश. मी दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवलं. झोत दाखवायला चांगला, चालायला नाही.

आणि सेल? टॉवरवाल्या बॅटरीतल्या लिथियमच्या सेलावर ९९०० एमएएच लिहिलं होतं. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब अशा सेलात चांगल्या कारखान्यालाही साडेतीन हजारांच्या आसपासच भरता येतं. सोनाराच्या काट्यावर तो भरला ३१ ग्रॅम. माझ्याकडचा खरा सेल ४६ भरतो. उरलेल्या पंधरा ग्रॅमच्या जागी काय आहे ते कापून बघायची हिंमत नाही, आणि कुणी करूही नये, पेट घेतो.

*

दादाला शेवटी घ्यायला लावली ती कपाळाला बांधायची बॅटरी. ट्रेकवाली पोरं वापरतात तसली, रुंद उजेडाची, आणि मुद्दाम जरा पिवळसर पांढऱ्या उजेडाची. बाजारात बहुतेक एलईडी निळसर असतात. ते डोळ्यांत भरतात खरे, पण त्यांच्यात माती, पाचट आणि घोणस तिन्ही राखाडी दिसतात. तपकिरी रंगाच्या छटा ओळखायच्या तर उजेडात तांबडा भाग पुरेसा हवा. खोक्यावर सीआरआय नव्वद असं लिहिलेलं असतं, ते लुमेनपेक्षा महत्त्वाचं. दुकानदाराला विचारलं तर त्याने खोकं उलटसुलट करून मलाच परत दिलं.

कपाळावरच्या उजेडाचा एक दोष सह्याद्रीत पावसाळी भटकणाऱ्यांना माहीत असतो. धुक्यात तो समोर पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा बॅटरी कमरेजवळ धरावी. खाली धरलेल्या उजेडात दगडा-ढेकळांच्या सावल्या पडतात, खड्डा खड्डा म्हणून दिसतो. कपाळावरून सावल्या दिसतच नाहीत, सगळं सपाट वाटतं. पण उलट एक गुणही आहे. बिबट्याच्या डोळ्यामागचा थर उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत पाठवतो. बॅटरी कमरेला असेल तर तो उजेड कमरेकडेच परततो. आपल्या डोळ्याशेजारी असेल तरच चमक दिसते. म्हणून पायासाठी हात खाली आणि डोळ्यांसाठी दिवा वर. मॅगलाइट दादाच्या कमरेला, कीर्तनासोबत.

टॉवरवाली माझ्याकडे पडून होती ती वहिनींनी गोठ्यात नेली. दोन दिवसांनी पाहतो तर तिच्या तोंडावर दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण रबराने अडकवलेलं आणि ती आढ्याला उलटी टांगलेली. अर्धा उजेड झाकणाने खाल्ला होता, उरलेला सगळ्या गोठ्यात सारखा पसरला होता. "ते चौकोन-बिकोन मला नको," वहिनी धार काढता काढता म्हणाल्या. "म्हशीला डोळ्यावर येतो."

त्या रात्री बारा वाजून काही मिनिटांनी लाईट आली. ऑटो-स्टार्टरने मोटार उचलली, पाटात पाणी खळखळलं. दादाने पट्टा कपाळावर ओढला, खोरं घेतलं आणि पहिली सरी फोडली. मी मागे होतो. दहा-पंधरा सऱ्या झाल्यावर तो एकदम थांबला.

"हे काय रे?"

त्याच्या समोरच्या मोकळ्या वाफ्यात, ढेकळांत, गवताच्या बुडाशी, बांधापर्यंत हिरवट-पांढरे ठिपके लुकलुकत होते. दहिवरासारखे, पण दहिवर इतक्या लवकर पडत नाही. शेदोनशे तरी असतील. मी वाकून एकापाशी गेलो. जमिनीवरून पळणारा साधा कोळी होता. त्यांच्याही डोळ्यांत तोच परतवणारा थर असतो. काखेतल्या बॅटरीने ते कधी दिसले नसते.

दादाने पट्टा वर सरकवला, दिवे गेले. खाली घेतला, परत आले. चाळीस वर्षं याच वाफ्यात तो रात्री उभा राहिला होता.

तेवढ्यात लाईट गेली. मोटारीचा आवाज विहिरीत बुडाला, पाटातलं पाणी हळू झालं. नेहमीप्रमाणे शिव्या यायला हव्या होत्या. दादा बांधावर बसला, खोरं मांडीवर आडवं ठेवलं, आणि मान या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिला.